वॉरंट बघू, साहेब

किल्लीताईंची टपरी कोर्टाच्या मागच्या भिंतीला टेकून होती, बावीस वर्षं. वकिलांची कपाटं, कारकुनांचे ड्रॉवर, एकदा तर न्यायाधीशबाईंची गाडीसुद्धा त्यांनी उघडून दिली होती. काम नसलं की त्या आत जाऊन खटले ऐकत बसायच्या. "लोकांना मालिकांचं वेड, हिला खटल्यांचं," धाकटी बहीण कपाळावर हात मारायची.

त्या दिवशी भर दुपारी पोलिसांची जीप टपरीपुढे करकचून थांबली. "अवजारं घ्या, चला," इन्स्पेक्टर म्हणाले.

जीप गेली ती थेट घड्याळजींच्या दुकानापुढे. चोरीचं सोन्याचं घड्याळ दडवल्याच्या संशयावरून घड्याळजींना सकाळीच पकडलं होतं. "माझ्याकडे चोरीचं काही नाही," एवढंच ते म्हणत होते, दुकानाची किल्ली कुठे आहे ते सांगेनात. दाराशी त्यांची बायको उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले.

"उघडा कुलूप."

"वॉरंट बघू, साहेब."

"काय?"

"झडतीचं वॉरंट. कोर्टाच्या सहीचं."

"गुन्हेगाराच्या दुकानाला कसलं वॉरंट?"

"गुन्हेगार कोण ते कोर्ट ठरवेल. आत्ता ते नुसते आरोपी आहेत. आणि दुकान त्यांचं स्वतःचं आहे."

बघता बघता गर्दी जमली. साहेबांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. "तुम्हालाही आत टाकू का?"

किल्लीताईंची जीभ काही थांबेना. "टाका की! फक्त कारण सांगा आणि माझ्या बहिणीला कळवा. वकिलांची चिंता नको, सगळी माझीच गिऱ्हाइकं!"

गर्दीत खसखस पिकली. साहेब तणतणत जीपमध्ये बसले आणि निघून गेले. किल्लीताई अवजारांची पेटी मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या. आता हे हातोडा घेऊन आले तर?

तासाभरानं जीप परत आली. "हा घ्या तुमचा कागद!"

किल्लीताईंनी पत्ता, तारीख, सही, सगळं बोट ठेवून वाचलं. "आता कसं!" बारीक तार आत गेली, कान कुलपाला लागला आणि मिनिटभरात खट्! कुलपावर ओरखडासुद्धा नाही.

शेजारचा शिंपी आणि समोरच्या औषधवाल्या बाई पंच म्हणून उभ्या राहिल्या. साहेबांबरोबरचा हवालदार एकेक वस्तू लिहून घेऊ लागला. तिसऱ्या खणात ते सोन्याचं घड्याळ निघालं. बायकोनं भिंत धरली.

"सापडलं!" साहेब ओरडले.

"थांबा, पट्ट्याला चिठ्ठी आहे," शिंपी म्हणाला आणि मोठ्यानं वाचू लागला. दुरुस्तीसाठी आलेलं. तारीख. आणून देणाऱ्याचं नाव, खाली त्याची सही. ज्यांच्या घरी चोरी झाली, त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं नाव!

"लिहा!" किल्लीताई जवळजवळ उडाल्याच. "चिठ्ठीपण लिहा पंचनाम्यात, अक्षरन् अक्षर!"

हवालदारानं साहेबांकडे पाहिलं. दोन्ही पंचांनीही साहेबांकडेच पाहिलं. "लिही," साहेब पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं सगळं कबूल केलं आणि तिसऱ्या दिवशी घड्याळजी सुटून थेट दुकानात आले. भिंतीवरची सगळी घड्याळं बंद पडली होती. ते स्टुलावर चढून एकेकाला चावी देऊ लागले. खाली राहिलेली घड्याळं किल्लीताईंनी घेतली. थोड्या वेळात एकाचे टोले पडले, मग दुसऱ्याचे, मग पाच-सहांनी मिळून असा काही गलका केला की शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला.