दुपारचे चार

डंबेल्स उचलले की तळहातांना लोखंडाचा वास लागतो आणि मला घाटकोपरचं ते स्वयंपाकघर आठवतं. तेव्हा मी नवी सून होते. सासऱ्यांना रिटायर झाल्यावर शरीर कमवायची हुक्की आली होती. रंगाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून, त्यात लोखंडी पाइप रोवून त्यांनी घरीच वजन बनवलं होतं. रोज चारला सासूबाई भजनाला गेल्या की ते बाहेरच्या खोलीत बनियनवर बाकड्यावर आडवे व्हायचे आणि मोठ्याने आकडे मोजत वजन उचलायचे. सुनेने सासऱ्यांना तसं बघायचं नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात दार लावून बसायचं. घराबाहेर जायची वाट त्यांच्याच खोलीतून होती. एक दिवस मोजणं सातावरच थांबलं. मग घुसमटलेला आवाज आला, "सूनबाई, शेजारून कोणाला तरी बोलवा. पण इकडे येऊ नका." "अहो, मग जाऊ कुठून?" मी ओरडले. मी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि दार ढकललं. पाइप त्यांच्या छातीवर अडकला होता, चेहरा जांभळा पडला होता. मी एका बाजूचा डबा उचलून पाइप सरकवला. त्यांनी लाजेने डोळे घट्ट मिटून घेतले. वाटलं, संपलं एकदाचं हे वेड. दुसऱ्या दिवशी चारला ते दाराशी येऊन खाकरले, "दार जरा उघडं असू दे, आणि कान इकडे ठेवा." पुढची सहा वर्षं ते मजेत मोजत राहिले आणि चार वाजता मी कुठेही जाऊ शकले नाही. आता साठीत मी वजनं उचलते तेव्हा सून विचारते, "आई, थांबू का इथे?" मी म्हणते, "तू जा गं बाहेर, फिरून ये," आणि आतून कडी लावते.