झाकणाखालचा शेंदूर

दादा गेल्याची बातमी घेऊन कल्याणहून माणूस आला, तेव्हा मी ठाण्याच्या शाळेत मुलांना त्रैराशिक शिकवत होतो. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. त्याला आता सव्वा महिना झाला. माझा थोरला भाऊ काही मोठा नामांकित माणूस नव्हता. पण त्याच्याविषयी एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली आहे, ती इथे सांगतो.

रेल्वेच्या कारखान्यात फिटरकामावर हात बसल्यावर दादाने एक जुनं वाफेचं इंजिन घेतलं आणि आमच्या अंगणात भाताची गिरणी घातली. आमचे वडील, आबा, यांच्याकडे मारुतीची पूजा. अंगणातला तो धूर त्यांना मुळीच रुचला नव्हता. त्या वर्षी हनुमानजयंतीच्या भंडाऱ्याचं भात ठाकुर्लीकडून येऊन आमच्या पडवीत पडलं, आणि नेमकं तेव्हाच इंजिन गळायला लागलं. झडपेच्या पेटीवरच्या झाकणाखालचा पुठ्ठा जळला होता. तिथून वाफ फुसफुसत बाहेर जाई आणि चाकाला जोरच येईना. आबा म्हणाले, "देवाचं भात आज निघालं नाही, तर उद्या हे धूड अंगणातून जाईल." दादाचा सगळा जीव त्या धुडात होता.

नवा पुठ्ठा कापायला कितीसा वेळ! पण फटी बुजायला त्याला दोन्ही अंगांनी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावावा लागतो, आणि दादाजवळचा संपला होता. घरात शेंदूर होता तो देवाचा, जयंतीला मारुतीला चढवायचा. दादाने सरळ जाऊन मागितला. आबांनी निम्मा काढून दिला.

दादाने झाकण बसवलं, नट हातानेच फिरवून ठेवले आणि पाना माझ्या हाती दिला. "सदू, एक नट अर्धा फेर, मग त्याच्या समोरचा. एका बाजूने आवळत जाऊ नकोस रे." एवढं सांगून तो बॉयलरकडे वळला. मी तेव्हा नुकताच मास्तर झालेलो, शहाणपण उतू जात होतं. एका कडेने सगळे नट करकचून आवळले आणि "झालं!" म्हणून ओरडलो. वाफ सोडताच पलीकडच्या कडेने पुठ्ठा फाटला आणि शेंदराचा सडा माझ्या अंगावर उडाला. भाजलो नाही हे नशीब.

आवाजाने आबा धावत आले. दादा पुढे झाला. "आबा, माझ्या हातून बिघडलं." आबा आत गेले आणि उरलेला शेंदूरही आणून त्याच्यापुढे ठेवला. या खेपेला पाना दादाने धरला. दिवेलागणीपर्यंत भात निघालं. मारुतीला त्या जयंतीला नुसतं तेल मिळालं.

पुढे आबा गेले, तरी मी खरं बोललो नाही. दादाने तो विषय कधी काढला नाही. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून दरडावायचं, आणि स्वतः... लाज वाटते, दुसरं काय.

परवा कल्याणला गेलो. झाकण पुन्हा गळतंय, गिरणी बंद आहे, असं वहिनींनी कळवलं होतं. इंजिनापाशी उभं राहून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्या हसल्या.

"भावोजी, मामंजींना तेव्हाच कळलेलं. आत येऊन सासूबाईंना म्हणाले, सदरा धाकट्याचा माखलाय आणि चूक थोरल्याची! भावासाठी एवढं करणाऱ्याचं इंजिन मी कुठल्या तोंडाने काढू?"

"दादाला ठाऊक होतं हे?"

"मीच सांगितलेलं. म्हणाले, सदूला काही बोलू नकोस. सांगेल तो आपणहून एक दिवस."

सांगितलं खरं, पण दादा गेल्यावर.

वहिनींनी फळीवरून शेंदराची डबी आणि पाना काढून दिला. पान्याच्या दांड्यावर दादाच्या अंगठ्याचा वाळलेला लाल ठसा होता. तो न पुसता मी नवा पुठ्ठा लावून झाकणापाशी बसलो. एक नट अर्धा फेर, मग त्याच्या समोरचा. गिऱ्हाइकं खोळंबली होती. गडी म्हणाला, "मास्तर, आवळा की बिगीबिगी!"

मी घाई केली नाही.