दोन्ही बाह्या डाव्या

तिला सगळे भोवरा म्हणायचे. शिलाईच्या दुकानात एक काम हातात, दुसरं मांडीवर, आणि तिसऱ्यासाठी ती उठलेली. इस्त्री तापत राहायची, चहा निवत राहायचा, आणि कात्री शोधायला दुकान पालथं घालायची तेव्हा कात्री तिच्याच कमरेला खोचलेली असायची. शेजारच्या मशीनवर थोरली बहीण. भोवऱ्याने चुकवलेलं उसवायचं, परत जोडायचं, गिऱ्हाइकाची समजूत घालायची, हे सगळं ताईकडे. हात चालायचा तसंच तोंडही. "देवाने हात दिले, डोकं द्यायला विसरला."

लेकीला कॉलेजची परीक्षा झेपेना म्हणून भोवरा तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत होत्या लेकीला, मान डोलवत होती आई. शेवटी बाईंनी दोघींनाही तपासलं. एडीएचडी, दोघींना. लक्ष एका जागी ठरत नाही ते जन्मापासूनच. मुलींचं लवकर ध्यानात येत नाही, बाई म्हणाल्या, कारण त्या वर्गात उड्या मारत नाहीत, मनातल्या मनात मारतात.

पन्नाशीत हे कळलं. आधी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, मग बिनडोक म्हणणाऱ्यांचा राग आला. तिची स्वतःची आई तर कधीच गेलेली, शाळेतल्या बाईंचा पत्ता नाही. उरली ताई. भोवऱ्याने मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि बजावलं, "यापुढे माझ्या कामात बोलायचं नाही."

ताईने आपलं मशीन चालू केलं.

अशात एका गिऱ्हाइकाचं ब्लाउजसाठी रेशमी कापड आलं. जेमतेम पुरेल एवढंच. दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापायला जागा नव्हती, म्हणून एकेक कापायची. दुसऱ्या बाहीला मापाचा कागद उलटा ठेवावा लागतो. भोवऱ्याने तो न उलटता पहिल्यासारखाच ठेवला आणि कात्री चालवली. दोन्ही बाह्या डाव्या. कापडाला सुलट बाजू एकच, आणि चिंधीसुद्धा उरली नव्हती.

वळून बघते तर ताई बघतच होती.

"तू बघत होतीस?"

"पहिल्यापासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की 'माझं डोकं काढतेस' म्हणतेस. नाही सांगितलं तर हे."

"जन्मभर बिनडोक म्हणालीस मला!"

"म्हणाले. दुसरा शब्द शिकवला होता का कुणी?" ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "तुझ्या दुखण्याला नाव तरी मिळालं. मी तुझ्यामागे उसवत म्हातारी झाले, त्याला काय म्हणतात ते विचारलंस डॉक्टरीणबाईंना?"

भोवऱ्याने दोन्ही बाह्या गोळा केल्या. दोघी दुकान वेगळं करण्याच्या बेतापर्यंत आल्या होत्या. तेही आता एकमेकींपासून लपलेलं नव्हतं.

"उद्यापासून दिसलं तर बोल," ती म्हणाली. "पण बाहीबद्दल बोल. डोक्याबद्दल नको."

"बघते. तुला डॉक्टरीणबाईंची गोळी आहे, माझ्या जिभेला कुठली गोळी नाही."

गिऱ्हाइकाकडे या खेपेला भोवरा स्वतः गेली. चूक माझी म्हणाली, भरपूर ऐकून घेतलं, आणि बिनबाह्यांच्या ब्लाउजवर तडजोड करून आली.

दुसऱ्या दिवशी तिने नवीन कापड पसरलं, एक बाही कापली आणि दुसरीला कागद परत तसाच ठेवला. मागून आवाज आला, "कागद उलट, बि—" पुढचं ताईने गिळलं. भोवऱ्याला ते ऐकू आलंच. तिने कागद उलटला.