मनगटावरची सासू

१३ जानेवारी, भोगी. सकाळचं काम : शेंगाचटणी कुटणे. त्या दिवशी चटणी कुटता कुटता मी माझ्या सासूबाईंना पाडलं. त्या तेव्हा घरातसुद्धा नव्हत्या.

माझा धाकटा दीर प्रशांत मेलबर्नला असतो आणि तिथून आईची काळजी करतो. दिवाळीत त्यानं आईसाठी घड्याळ पाठवलं. पावलं मोजणारं, छातीचे ठोके मोजणारं आणि माणूस पडलं तर थेट मेलबर्नला कळवणारं! वर दम : "संक्रांतीपर्यंत तब्येत ठीक दिसली नाही, तर आईला इकडे घेऊन येतो. कायमचं."

सासूबाई वळसंग गावच्या. मेलबर्नला एकदा राहून आलेल्या. "तितं रस्त्यावर कुत्रंबी भुकत न्हाय गं! मी न्हाय जायाची. आन् ही बेडी तर मुळीच न्हाय घालायची!"

मी व्यवहारी बाई. घड्याळ माझ्याच मनगटावर चढवलं. (आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात दिवसभर पळणारं माणूस एकच!) प्रशांत खूश. "आई, या वयात एवढी चालतेस?"

पलंगावर आडव्या झालेल्या सासूबाई फोनवर म्हणायच्या, "व्हय की! लई चालते!"

भोगीला त्या भाजीसाठी बोरं आणि हरभरे आणायला गेल्या, मोबाइल देवघरात ठेवून. इकडे मी उखळात असं काही मुसळ हाणलं, की घड्याळ थरथरलं. विचारायला लागलं, पडलात का? माझे हात तिखटानं लाल. कोपरानं 'नाही' दाबायला गेले आणि भलतंच दाबलं गेलं.

देवघरात मोबाइल वाजायला लागला. वाजू दे, म्हटलं, हात धुऊन बघू. तेवढ्यात दार धडधडलं. खालच्या मजल्यावरच्या शेखभाभी! "अम्मा गिर गये बोलके प्रशांत का फोन आया!" मग माझ्या लाल हातांकडे बघून त्या किंचाळल्या आणि जिन्यातच बसल्या. पाठोपाठ ऑफिसातून नवरा आला आणि हेल्मेट न काढताच आईला मोरीत, पलंगाखाली शोधू लागला. मग डॉक्टर. मग अँब्युलन्स! खरं सांगितलं, तर सासूबाई मेलबर्नला!

तेवढ्यात पिशवी सावरत सासूबाईच जिना चढून आल्या. गर्दी बघून हळूच विचारलं, "कोन गेलं गं?"

नवऱ्याच्या मोबाइलमधून प्रशांत ओरडला, "आई! तू पडली होतीस ना?"

"मी कशाला पडतीय? बोरं आनाय गेल्ते!"

"मग घड्याळ?"

सगळ्यांच्या नजरा माझ्या मनगटावर. चटणीनं माखलेलं घड्याळ लपवणार कुठं?

"म्हणजे ती पावलं वहिनींची? आणि रोज जेवणानंतर ठोके वाढायचे, ते? मी इथल्या डॉक्टरांना विचारून आलो!"

"ती तुझ्या दादाशी भांडायची वेळ," मी म्हटलं.

डॉक्टर आलेच होते, म्हणून त्यांनी दोघींना तपासलं. सासूबाई ठणठणीत. माझ्या दंडावरचा पट्टा मात्र त्यांनी पुन्हा फुगवून बघितला. "वहिनी, बीपी बरंच वाढलंय. बसा. आधी बसा!"

मेलबर्नहून निकाल आला : "आई सोलापुरातच राहू दे. घड्याळ वहिनींचं. आणि आई, त्यांना रोज फिरायला ने."

संक्रांतीच्या सकाळी निघालो. सासूबाई पुढं, मी मागं. बागेच्या कोपऱ्यावर मला दम लागला. कठड्यावर टेकणार, तोच त्या पुढून ओरडल्या, "अगं, जपून! पडलीस तर तुला न्हेतील मेलबर्नला. तितं कुत्रंबी भुकत न्हाय!"

मी टेकलेच नाही. जवळजवळ पळतच सुटले.