बोर्डापुढे भरल्या पोटी

चार वर्षं मी घराबाहेर पडायचे ती उपाशीपोटीच. आतड्याला जखमा होत्या. घास पोटात गेला की अर्ध्या तासात संडास गाठावा लागे. मग खायचंच नाही, म्हणजे चारचौघांत इज्जत शाबूत. नागपूरच्या एका मिलमध्ये मी सूत गुंडाळायच्या खात्यात होते. तिथं पाळीभर उपाशी राहून भागत नसे, आणि मशीन सोडून दिवसातून पंधरा वेळा पळणाऱ्या बाईला कोण ठेवून घेणार? काम सुटलं. नवरा वारलेला. कामगार विम्याचं आजारपणाचं पेन्शन मिळालं तरच आम्हा सासू-सुनेची चूल पेटणार होती.

ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे पहिल्यांदा गेले तीही अशीच. आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, इस्त्रीचं लुगडं, तोंडाला पावडर. समोर तीन डॉक्टर, तिघेही पुरुष. त्रास काय विचारलं, तर मी म्हटलं, "पोट जरा बरं नसते." एकानं पोट दाबून पाहिलं आणि लिहिलं, कामाला लायक. घात माझ्याच लाजेनं केला होता, पण घरी येऊन शिव्या मी त्यांनाच घातल्या.

सासूनं ऐकून घेतलं. मग कडाडली, "उपाशी काहून गेली वं? दुखणं घरी ठेवून डॉक्टरले काय लुगडं दाखवाले गेली होती?"

मी फेरतपासणीचा अर्ज केला. तपासणीच्या दिवशी सासू डबा घेऊन सायकलरिक्षात माझ्याशेजारी बसली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर, तिनं मला भाकर आणि झणझणीत झुणका खाऊ घातला. मी रडत रडत खाल्लं.

आत डॉक्टर नाव विचारत होते आणि मी उठले. "बाई, बसा."

"बसता येत नाही साहेब," म्हणून मी पळाले. परत आले, पुन्हा पळाले. तिसऱ्या वेळी थोरल्या डॉक्टरांनी स्वतः उठून दार उघडून धरलं. आल्यावर मी उभ्यानंच सगळं सांगितलं: किती वेळा, कसं, रक्त किती पडतं. आवाज जराही खाली केला नाही. व्हरांड्यातले लोक ऐकत होते. ऐकू देत! डॉक्टरांनी जुना शेरा खोडला आणि माझ्यासमोर सही केली.

बाहेर सासू डबा मांडीवर धरून बसली होती. "झालं का वं?"

"झालं. मंजूर."

डब्यात अर्धी भाकर उरली होती. ती मी तिथंच, सगळ्यांदेखत, सावकाश चावून खाल्ली.