अकरा सेकंदांची सुलाबाई

जुने काळे-पांढरे चित्रपट साफ करून, रंगवून घरच्या टीव्हीवर लावण्याजोगे करून देणारा म्हणून साताऱ्यात उदयसिंहाचं नाव होतं. त्याची बायको संयोगिता मात्र शेजारणींना सांगे, "साठ वर्षांमागं नटी कुठल्या रंगाचं लुगडं नेसली होती ते ह्यांना विचारा. मी काल काय नेसले होते ते तेवढं विचारू नका."

गेल्या साली त्याच्याकडं पाटणच्या बाजूला चित्रित झालेला एक चित्रपट आला. कुणकुण लागताच तिकडचे नाथाजी सुभेदार एसटीनं थेट दारात हजर. वय चौऱ्याऐंशी. चित्रपटात पाणवठ्यावरच्या बायका गावातल्याच घेतल्या होत्या, आणि त्यांत सुभेदारांची सुलाबाई होती. लग्नाला तीन वर्षं होतायत तोवर ती तापानं गेली. फोटो एकही नाही. सुभेदारांनी पुन्हा लग्न केलं नाही; पलटणीत स्वयंपाक शिकलाय, बायको कशाला हवी, असं गाव म्हणायचं. गावाला काय, जीभ उचलायचा अवकाश.

उदयसिंहानं ऐटीत चित्र लावलं. ना धूळ, ना ओरखडा. हिरव्या लुगड्यातली सुलाबाई घागर घेऊन आली आणि अकरा सेकंदांत गेली.

सुभेदार खुर्चीतून उठले. "हिचं कपाळ मोकळं कसं?"

उदयसिंहानं चित्र थांबवून निरखलं. काळा ठिपका दिसला की धूळ समजून पुसायचा, ही चित्रपट साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची रीत. काळ्या-पांढऱ्या चित्रात कुंकूही काळंच. नटीचं ठसठशीत होतं, ते वाचलं. सुलाबाईचं मुगाएवढं, ते गेलं.

"आवं, मी जित्ता हाय," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. "माझ्या देखत तिचं कुंकू पुसलंसा."

उदयसिंहानं खाली मान घालून मूळ चित्र पुन्हा काढलं. त्यात कपाळभर ठिपके. कुंकू कुठलं, धूळ कुठली, कळेना.

"सुभेदारसाहेब, अकरा सेकंदांत दोनशे चौसष्ट चित्रं आहेत. एकेक बघावं लागंल."

"बघू की. आता काय रजा संपायची न्हाई."

चार दिवस ते एसटीनं येत राहिले. पडद्यावर बोट टेकवून सांगायचे, "ही धूळ. ह्ये कुंकू." उदयसिंह धूळ पुसायचा, कुंकवात तांबडा रंग भरायचा.

चहाचे कप न्यायला आलेल्या संयोगितानं चिडवलं, "तवा इतकं टक लावून बघितलं असतंत तर लाजली असती हो बिचारी."

"तवा बघायला गावलीच न्हाई, पोरी. तीन वर्सांत चार म्हयनं घरी हुतो."

संयोगिता कप न उचलताच आत गेली.

शेवटच्या चित्रांत सुलाबाईनं मान वळवली होती. कपाळावर दोन ठिपके, शेजारी शेजारी, सारखेच. सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोट पडद्यापर्यंत गेलं आणि तसंच थांबलं.

"कुठला पुसू?" उदयसिंहानं विचारलं.

सुभेदारांनी बोट मागं घेतलं.

"दोनी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उगं चुकून त्येच जायचं."

उदयसिंहानं दोन्हींत कुंकवाचा रंग भरला.