लाइन माझी, शटल तुझं

भुताखेतांच्या गोष्टींना नावं ठेवणारी बाई आहे मी, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर मिरजेचं. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि ग्रहण लागलं की मुद्दाम दार उघडं ठेवून आम्हाला पोहे खायला बसवायचे, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. तेव्हा इथे, या ग्रुपवर, कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीतला माणूस मध्येच गायब होतो... वाचते आणि हसते. पुढेही हसेन. पण माझ्या नणंदेच्या बाबतीत जे झालं ते मी भरदुपारी, खोलीभर माणसांत बसून पाहिलंय. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा. फक्त नारळ वाहा, शांत करून घ्या असलं काही सुचवू नका.

लग्न होऊन मी झाशीला आले. सासर रेल्वेतलं, दोन पिढ्या झाशीतच गेलेल्या. घरात मराठी, पण कशी, तर "भाजीत नमक कम पडलंय" अशी. आता आम्ही प्रेम नगरात असतो, तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. आमचे हे लोको शेडला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वर्कशॉपच्या ऑफिसात होते, पण कॉलनी त्यांना ओळखायची 'कोच साहब' म्हणून. कारण त्यांची मुलगी शैला. बॅडमिंटन खेळायची. खेळायची म्हणजे... खेळवली जायची.

कॉलनीत लाकडी फरशीचा एक हॉल होता. शटल पिसांचं, हलकं, जरा वारा लागला की भरकटतं. म्हणून पंखे बंद, दारं-खिडक्या बंद. झाशीतला जेठ, म्हणजे ज्येष्ठाचा उन्हाळा, ज्याने काढलाय त्याला कळेल मी काय म्हणते ते. बाहेर लू, ते भाजणारं वारं, चालू, माणसं खसाच्या म्हणजे वाळ्याच्या पडद्यामागे गपगार झोपलेली, आणि ही पोरगी आठव्या वर्षापासून रोज दुपारी त्या भट्टीत. मी ताक घेऊन गेले की मामंजी दारातच तांब्या घ्यायचे आणि आपल्या खुर्चीखाली ठेवायचे. मनासारखं खेळली तर मिळायचं. मी एकदा म्हटलं, "मामंजी, घोटभर तरी देऊ द्या." तर म्हणाले, "सूनबाई, तुमची शिकवणी स्वयंपाकघरात."

त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. ते कायम शैलाच्या पाठीमागे, कोर्टाच्या मागच्या रेषेबाहेर उभे राहायचे. शटल तिच्या डोक्यावरून मागे निघालं की ते आत पडणार की बाहेर, हे तिने ठरवायचं नाही. ते मागून म्हणायचे, "घे," की तिने मारायचं. "सोड" म्हणाले की हात खाली. "लाइन माझी, शटल तुझं," हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिने शटल सोडलं. ते बाहेरच पडलं, चांगलं हातभर बाहेर. म्हणजे पोरीचं बरोबर होतं. तरी तुटक्या रॅकेटचा दांडा तिच्या पोटरीवर बसला. "मी बोललो होतो?" एवढंच विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या शटलला उभी राहिली. मला तर तो दांडा घेऊन त्यांच्याच पाठीत घालावासा वाटला. पण नवी सून... दात-ओठ खाण्यापलीकडे करते काय.

सामन्यात असं बोलता येत नाही, म्हणून तिथे ते खोकायचे. एक खोकला म्हणजे सोड. शैलाची बाजू बदलली की हेही जागा बदलून तिच्या पाठीमागे जाऊन बसायचे. लोकांना वाटायचं कोच साहबना दमा आहे. अशा खोकल्यावर पोरगी गावोगावच्या स्पर्धा जिंकत गेली.

शैलाला काय हवं होतं, ते तिने मला सांगितलं होतं. मऊरानीपूरच्या एका शाळेने तिला लहान मुलांना शिकवायला बोलावलं होतं, राहायला खोलीसकट. "वहिनी, तिथे दुपारी सुट्टी असते," ती म्हणाली. "मी जेवेन आणि सो जाऊंगी. पंखा लावून." दुसरी कुणी लग्न मागते, दागिने मागते. हिला दुपारची झोप हवी होती.

तिने घाबरत घाबरत मामंजींना, तिच्या अण्णांना, विचारलं. ते देवापुढे दिवा लावत होते. म्हणाले, "आधी मेडल. बाहेरच्या देशातलं मेडल आण, मग जा कुठे जायचं तिथे. मी अडवणार नाही." देवापुढे बोलले ते. आणि एक मान्य करायला हवं, मामंजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नाही, म्हणून तर शैलाला तो पुरला.

पुढच्या वर्षी आशियाई खेळांसाठी तिची निवड झाली. कॉलनीत पेढे वाटले. मामंजींना मात्र नेणार नव्हते, संघाचा आपला कोच होता. स्टेशनवर गाडी सुटताना शैला खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, मागची लाइन मला दिसतच नाही हो. मी कधी बघितलीच नाही." मी म्हटलं, "बघशील. डोळे तुझेच आहेत ना?" बोलायला काय जातं.

पण पोरगी जिंकत गेली आणि उपान्त्य फेरीच्या दारात पोचली. बॅडमिंटनमध्ये सेमीला गेलं की पुढे हरलं तरी कांस्य मिळतं. म्हणजे ही एक मॅच जिंकली की मेडल, आणि मेडल म्हणजे मऊरानीपूर. ती मॅच टीव्हीवर थेट दाखवणार होते. दुपारची वेळ. आमच्या बैठकीत अर्धी कॉलनी जमली. शेजारचे तिवारीजी जिलेबी घेऊन आले. मामंजी टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसले, हातात चहाचा स्टीलचा ग्लास. मी त्यांच्या शेजारी चटईवर.

पहिला गेम शैला हरली. कॅमेरा कोर्टाच्या एका टोकामागे होता आणि ती पलीकडच्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून. समोरची पोरगी शहाणी, लगेच ओळखलं हिचं दुखणं कुठे आहे ते. शटल मागे मागे मारत राहिली. शैला बाहेर जाणारी मारायची, आत पडणारी सोडायची. मामंजी एक शब्द बोलले नाहीत. उलट मला वाटलं, जरा सुखावलेच होते. बघा, माझ्याशिवाय काय होतं, असं.

दुसऱ्या गेमला बाजू बदलली. आता शैला अलीकडे आली, पाठ आमच्याकडे. म्हणजे हॉलमध्ये मामंजींना दिसायची तशीच. शटल उंच मागे आलं आणि सवयीने मामंजींच्या तोंडून निघालं, "सोड." शैलाने हात खाली केला. शटल बाहेर. पुन्हा आलं. "घे." तिने घेतलं. लोक हसायला लागले. मलाही हसू आलं, म्हटलं योगायोग. पण मग एकामागून एक... हे बोलायचे आणि ती करायची. मी मुद्दाम मामंजींकडे न बघता नुसती शैलाकडे बघत राहिले. "सोड" कानावर पडायचं आणि त्याच क्षणी तिचे खांदे सैल व्हायचे. खोलीतलं हसणं हळूहळू थांबलं.

मध्येच तिने एक सोपं शटल नेटमध्ये घातलं. मामंजींनी संतापून ग्लास टेबलावर आपटला, ठण्णकन. आणि टीव्हीत शैला दचकली. नुसती दचकली नाही, मान वळवून मागे बघितलं. कॅमेऱ्यात. आमच्याकडे.

"जा मोड़ी ने सुन लओ का?" तिवारीजी म्हणाले. मोड़ी म्हणजे इकडे पोरगी; पोरीने ऐकलं की काय, असं. थट्टेतच म्हणाले, पण हातातली जिलेबी हातातच राहिली. आमचे हे मला म्हणाले, "डास-बिस चावला असेल." मी म्हटलं, "हो."

दुसरा गेम शैलाने घेतला. तिसऱ्यात आधी ती पलीकडे गेली. मामंजी ओरडत होते, "घे, अगं घे," पण तोंड आमच्याकडे असताना तिला काही ऐकू जात नव्हतं. मागे पडली. नियमाप्रमाणे अर्ध्यावर बाजू बदलली, पाठ आमच्याकडे आली आणि पुन्हा सगळं सुरू झालं. घे. सोड. घे. भराभर पॉइंट. शेवटी एकच हवा होता, सर्व्हिस शैलाची. मी मनात म्हणत होते, आता मऊरानीपूर, आता मऊरानीपूर.

तिने सर्व्हिस केली. थोडी रॅली झाली, आणि समोरचीचं शटल उंच मागे आलं. सावकाश खाली येत होतं. मला बॅडमिंटनमधलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही दिसलं की ते आत पडतंय. शैला त्याच्या खाली जाऊन उभी होती, रॅकेट वर करून.

मामंजी म्हणाले, "सोड."

आधी ओरडत होते, तसे नाही. हळू. तान्ह्याला थोपटताना बोलतो ना आपण, तसं.

रॅकेट खाली आली. शटल तिच्या पायाशी, रेषेच्या आत पडलं. त्या वेळी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा, म्हणून मॅच लगेच गेली नाही, नुसती सर्व्हिस गेली. पण पुढचं शटलही तसंच आलं आणि मामंजी पुन्हा तितक्याच हळू म्हणाले, "सोड." त्याच्या पुढचंही. मी उठून टीव्ही बंद करायला गेले, तर ह्यांनी माझा हात धरला. ह्यांना वाटलं मी अपशकुन करतेय. शैला हरली. लोक एकेक करून उठून गेले. मामंजींनी उरलेला चहा संपवला.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. सरळ विचारलं, "मामंजी, शटल आत होतं. तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? मेडल मिळालं असतं तर गेली असती ती. मी शब्द दिला होता."

असं म्हणून पेपर उघडला. बारीक टायपातला पेपर, चष्म्याशिवाय.

शैला परत आली तेव्हा स्टेशनवर मी आणि हे गेलो होतो. तोवर तिच्याशी घरातल्या कुणाचं बोलणं झालं नव्हतं. फोन शेजारी तिवारीजींकडे, आणि तिने केलाच नव्हता. रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, "वहिनी, अण्णांनी ग्लास का आपटला?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी तिला सगळं सांगितलं. आत पडलेलं शटल, हळू आवाज, त्यांचं संध्याकाळचं बोलणं, काही ठेवलं नाही. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मलाही दिसलं होतं आत आहे ते. पण अण्णा बोलले ना. हात खाली आला." आणि वर, "तुम्ही बाहेरून आलात वहिनी, तुम्हाला अण्णा समझले नाहीत. अण्णा माझं वाईट कशाला करतील? त्यांची नजर गेली असेल. छोटासा टीव्ही, म्हातारे डोळे..."

मी म्हटलं, "शैला, ते माझ्यासमोर पेपर वाचत होते." ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मऊरानीपूरच्या शाळेला तिने नकार कळवला, अण्णांच्या डोळ्यांकडे कोण बघणार म्हणून. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, तर हिने डॉक्टर बदलला. कुठलेसे थेंब आणून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत घालायची. रस्ता ओलांडताना हात धरायची, पेपर वाचून दाखवायची. आणि मामंजी... ते हात धरू द्यायचे. पापण्या ताणून थेंब घालून घ्यायचे. "आज जरा धूसर दिसतंय" असंही म्हणायचे, मी समोर असताना, माझ्याकडे बघत.

आवाज तिकडे कसा पोचला, पाठ असताना पोचायचा आणि तोंड असताना का नाही, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. वडील असते तर त्यांना विचारलं असतं. मामंजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत शैला त्यांना रोज दुपारी हाताला धरून हॉलमध्ये न्यायची. दारं बंद व्हायची, पंखे बंद व्हायचे, ते तिच्या मागे उभे राहायचे. मी ताक घेऊन जायची ना, तेव्हा दारातून बघायची. त्यांचं एकही 'घे', एकही 'सोड' चुकत नव्हतं.